वायफाय फोटो फ्रेम, १० इंची : हे यूएन मिशनला असताना वर्षभर वापरली, त्याचा रिव्ह्यू

वायफाय फ्रेम म्हणजे घरात लावून ठेवायचा स्क्रीन, ॲपवरून पाठवलेले फोटो त्यावर एकामागून एक फिरत राहतात. रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. चार देणार होते पण अर्धा कस्टमर केअरवाल्यांनी घालवला, ते पुढे येईलच. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मी घ्यायच्या आधी सात-आठ बघितल्या आणि सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, खोकं वेगळं आणि ॲपचं नाव वेगळं एवढाच काय तो फरक. त्यामुळे मी जे लिहितेय ते बहुतेक सगळ्याच वायफाय फ्रेमला लागू पडेल. आणि रिव्ह्यू मोठा झालाय, आधीच सांगते. नुसतं घेऊ का नको एवढंच पाहिजे त्यांनी डायरेक्ट खाली जा.

आता मला ही का घ्यायला लागली ते. आमचे हे आर्मीत, इन्फंट्रीत. २०२२ च्या शेवटी यांची पलटण यूएन मिशनला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेली, साउथ सुदानला, मलकाल म्हणून गाव आहे पांढऱ्या नाईलच्या काठावर, तिथे. एक वर्षासाठी. आता फौजी माणसाशी लग्न केलंय म्हणजे एकटं राहायची सवय असतेच, फील्डला असले की फॅमिली बरोबर नेता येत नाही, हे काही नवीन नाही. पण फील्डला असले तरी माणूस देशात असतो हो, अगदीच काही झालं तर दोन दिवसांत ट्रेन पकडून दारात उभा राहतो. मिशनला ते नाही. दिल्लीला ट्रेनिंग, मग त्या पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड, मग मलेरियाच्या गोळ्या, निळी टोपी, आणि एक दिवस फोन की आज रात्रीचं विमान आहे. झालं.

लोकांना मात्र यूएन म्हटलं की डॉलरच दिसतात. "मजा आहे बाबा तुमची" हे मी वर्षभरात किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. अहो यूएन माणसामागे महिन्याला १,४०० डॉलरच्या वर देतं हे खरं आहे पण ते सरकारला देतं, आमच्या खात्यात नाही. यांना पगार सरकारचाच आणि वर परदेशाचा भत्ता. चांगला असतो, नाही म्हणत नाही, पण गावात सगळ्यांना वाटतं आम्ही साताऱ्यात दोन फ्लॅट बुक केलेत. असो, हा विषय नाही.

घरात मी, सासूबाई आणि चिऊ. सासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झाली. चिऊ तेव्हा चार वर्षांची. सातारा शहरापासून जवळच गाव आहे, थोडं रान आहे, ते सासूबाई बघतात.

सुरुवातीला वाटलं व्हिडिओ कॉल आहे की, फ्रेम-बिम कशाला. पण ज्यांच्याकडे चार वर्षांचं मूल आहे त्यांना माहितीये, मुलाला पाहिजे तेव्हा बाप फोनवर नसतो आणि बाप फोनवर येतो तेव्हा मुलाला मांजरामागे पळायचं असतं. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. यांची ड्युटी संपून जेवण होऊन हे वायफायच्या जागी येणार तिथल्या आठला, म्हणजे आमच्याकडे साडेअकरा, चिऊ गाढ झोपेत. सकाळी यांचे सहा म्हणजे आमचे साडेनऊ, ती बालवाडीत. राहिला रविवार. रविवारी फोन लागला की चिऊ चार सेकंद तोंड दाखवणार, "पप्पा बाय" म्हणणार, फोन पलंगावर टाकणार आणि गायब, आणि हे बिचारे तिकडे बसून आमच्या घरातला पंखा बघतायत. वर नेट असं की यांचं तोंड हलतंय आणि आवाज नंतर येतोय. चिऊला वाटायचं पप्पा खोटं खोटं बोलतायत. एकदा म्हणाली पण, "हे पप्पा नाहीत, हे मोबाईलचे पप्पा आहेत."

मग नणंदेने सुचवलं. ती पुण्याला असते, तिच्या ऑफिसमधल्या कुणीतरी अमेरिकेतल्या मुलाकडून ही घेतलेली. ऑनलाइन मागवली, ऑफरमध्ये साडेसात हजाराच्या आसपास पडली. स्वस्त नाहीच.

चालू करायला अर्धा दिवस गेला. वायफाय सापडतंच नाही. राउटर शेजारी ठेवला, बंद-चालू केला, तरी नाही. शेवटी केबलवाल्या पोराला बोलावलं, त्याने दोन मिनिटांत सांगितलं की ही फ्रेम फक्त २.४ गिगाहर्ट्झवाल्या नेटवर्कला लागते आणि तुमच्या राउटरला फक्त ५ वालं चालू ठेवलंय. हे खोक्यावर एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, मी नंतर बघितलं. बॅटरी नाही, सतत पिन लावूनच ठेवावी लागते, आणि आमच्याकडे गुरुवारी लाईट जातेच. इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावली तेव्हा कुठे सुखाने चालली. एकदा व्होल्टेज वरखाली होऊन ॲडॅप्टर उडाला, तो साताऱ्यात पोवई नाक्यावर १८० रुपयांत मिळाला, कंपनीकडे चौकशी केली तर ९५० सांगत होते.

स्क्रीन मात्र छान. रंग चांगले, लांबून पण दिसतं, बाजूने पण दिसतं. मोबाईलच्या मानाने डोळ्याला त्रास नाही असं सासूबाई म्हणतात आणि त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणजे त्यांचं मत धरायला हरकत नाही.

पण पहिल्याच दिवशी गोंधळ. यांनी उभे फोटो पाठवलेले आणि फ्रेम आडवी, तर तिने आपल्या मनाने कापून मधलाच भाग दाखवायला सुरुवात केली. छातीपासून गुडघ्यापर्यंत. सासूबाई चष्मा लावून बघतायत आणि म्हणतात, "माझ्या पोराचं मुंडकं कुठाय गं?" मी म्हणलं आई असं अभद्र बोलू नका हो आणि हात थरथरत सेटिंग शोधत बसले. सेटिंगमध्ये फोटो पूर्ण दाखवायचा पर्याय असतो, तो आधी चालू करा, मगच घरच्यांना दाखवा. हे मी मनापासून सांगतेय.

आता या फ्रेमची जी मोठ्ठी जाहिरात असते, "जगातून कुठूनही ॲपवरून थेट फोटो पाठवा", ते आमच्या काही कामाचं नाही. कारण जायच्या आधीच यांनी सांगितलेलं, असलं कुठलं ॲप माझ्या फोनमध्ये येणार नाही. २०२० मध्ये आर्मीने ८९ ॲपची यादीच काढलेली, फेसबुक इन्स्टासकट, की आपापल्या मोबाईलमधून उडवा म्हणून. ही फ्रेमची ॲप त्या यादीत नसेलही पण फोटो कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातात ते कुणाला माहिती. म्हणून आमची पद्धत अशी, हे मला व्हॉट्सॲपवर फोटो देणार, मी बघून माझ्या फोनमधल्या ॲपने फ्रेमवर चढवणार. फौजी घरातल्यांनी हे आधीच लक्षात घ्या. फ्रेम देताना तिकडच्या माणसाला काही करायला लागत नाही असं धरूनच चला, सगळं तुम्हालाच करायचंय.

आणि फोटो पण कसले, तर ज्यात काहीच नाही असले. गेट नको, गाडी नको, पाटी नको, टॉवर नको, हत्यार नको, दुसरा कुणी जवान नको. एवढं सगळं वगळल्यावर राहतं काय? पहिल्या महिन्यातले फोटो मला आठवतात तसे सांगते : स्टीलच्या ग्लासातला चहा. स्वतःचे बूट. संध्याकाळचं आभाळ. एक शेळी. परत तीच शेळी. मी वैतागून म्हणलं अहो तुमचा एक तरी द्या, तर हाताचा दिला, मनगटावर घड्याळ, मागे नुसती माती.

पण गंमत म्हणजे पोरीला हेच आवडलं. मोठ्या माणसाला वाटतं की मुलाला बापाचा चेहरा दाखवावा, हसरा, युनिफॉर्ममधला. तिने तो लग्नातला फोटो आणि कडक इस्त्रीतला फोटो बघून न बघितल्यासारखं केलं. शेळीपुढे मात्र अर्धा अर्धा तास. तिथे आपल्या पलटणीबरोबर जनावरांचे डॉक्टर असतात, मलकालमध्ये आपल्या लोकांनी जनावरांचा दवाखाना चालवलाय, गावोगावी कॅम्प पण लावतात, तिथे गाई शेळ्या गाढवं घेऊन लोक येतात. हे कॅम्पला बंदोबस्ताला असायचे. मग फ्रेमवर काय, कान हलवणारं गाढव, हातभर लांब शिंगांची गाय, शेळीला सुई. आणि एक तो पक्षी, मॅराबू स्टॉर्क म्हणतात, करकोच्याच्या जातीतला, डोक्याला टक्कल, गळ्याखाली पिशवी लोंबतेय, उभा राहिला की चिऊच्या उंचीचा. त्याचं नाव टकले काका. "टकले काका आज जेवले का?" हे ती रविवारी फोनवर विचारायला लागली आणि त्यासाठी का होईना फोनवर चार सेकंदांची चार मिनिटं झाली.

तर फ्रेमचा खरा फायदा माझ्या मते हा. फोन आपण मुलाच्या तोंडासमोर धरतो, फ्रेमसमोर मूल आपणहून जातं. दूध पिता पिता, एक चप्पल घालून, रडून झाल्यावर. तिला वाटेल तेव्हा. यासाठी साडेतीनपैकी अडीच स्टार.

सासूबाईंचं वेगळंच. त्या बुटांच्या फोटोसमोर थांबल्या. बुटाला चिखल लागलेला. म्हणाल्या, "ही तर आपलीच माती हाय की. काळी, चिकट." मी यांना विचारलं तर खरंच, तो सगळा भाग काळ्या मातीचा आहे, आपल्या कापसाच्या काळ्या रानासारखाच, पावसाळ्यात रस्तेच बंद होतात, गाडी रुतली की रुतली, मग हेलिकॉप्टरशिवाय जाणं नाही. आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. तिथले लोक खातात काय तर ज्वारी. तिच्या पिठाला आंबवून पातळ घावन करतात, किसरा म्हणतात त्याला. हे ऐकल्यापासून सासूबाईंना एकदम बरं वाटायला लागलं. इतके दिवस आफ्रिका म्हणजे सिंह आणि जंगल अशी भीती होती, आता काळी माती आणि ज्वारी म्हटल्यावर त्यांचं म्हणणं की मग काय, इथल्यासारखंच आहे. शेजारणीला सांगताना "आमचा बापू ज्वारीच्या मुलखात गेलाय" असं सांगायच्या. त्यांचं माहेर अपशिंगे, मिलिटरी अपशिंगे म्हणतात ते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, दगड आहे तिथे त्यांच्या नावाने. त्यांच्या लहानपणी घरात म्हातारी माणसं सांगायची की पत्र यायला महिने लागायचे आणि आलं तरी वाचून दाखवायला मास्तर शोधावा लागायचा. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ही फ्रेम म्हणजे चमत्कारच.

आता तक्रारी.

एक, ही फ्रेम रात्री आपोआप बंद होते असं म्हणतात पण वेळ लावताना देशाची वेळ निवडावी लागते आणि माझ्याकडून ती राहून गेली, मग रात्री अडीचला खोली दिवाळीसारखी उजळायची. फ्रेमवर घड्याळ दिसतं पण एकच. मला दोन पाहिजे होती, इथलं आणि तिथलं. नाहीच होत. शेवटी २५० रुपयांचं भिंतीवरचं घड्याळ आणलं, साडेतीन तास मागे लावलं आणि फ्रेमच्या वर टांगलं. खरं सांगते, साडेसात हजाराच्या वस्तूपेक्षा ते घड्याळ मी दिवसातून जास्त वेळा बघितलं.

दोन, ॲपचा कोड ज्याच्याकडे जाईल तो फोटो टाकू शकतो. मी नणंदेला दिलेला. तिच्या दिराचं लग्न झालं, तिने हौसेने हळदीचे १४० फोटो एका झटक्यात सोडले. आमची शेळी त्यात बुडाली. टकले काका तासातासाने एकदा. चिऊने भोकाड पसरलं आणि मी एक एक फोटो काढत बसले कारण सगळे एकदम निवडून काढायची सोय फ्रेमवर नाही, ॲपमध्ये पण नाही. ज्याने कुणी हे बनवलंय त्याच्या घरी लग्न झालेलं नाही.

तीन, व्हिडिओ. पंधरा सेकंदांचा चालतो. यांनी एकच पाठवलेला, "चिऊ, दूध पिलं का?" एवढंच, आणि हसले. फोटोंबरोबर तो पण फिरत राहतो ना, तर दुपारी अकरा वाजता, चिऊ बालवाडीत, सासूबाई रानात, मी मागे कपडे धुतेय आणि खोलीतून यांचा आवाज. पहिल्यांदा मी साबणाच्या हातांनी पळत गेले. खोलीत कुणी नाही, फ्रेमवर गाढव. दोन-तीन दिवस असंच झालं मग मी आवाज बंद करून टाकला. संध्याकाळी चिऊने तो परत चालू करून घेतला, तिला कुठे दाबायचं ते माझ्या आधी कळलेलं. ती तिकडून बघायची पण नाही, खेळता खेळता "पिलं" म्हणून उत्तर द्यायची. दिवसातून सहा वेळा.

चार, आणि ही मोठी. एप्रिल २०२३. १५ तारखेला तिकडे सुदानमध्ये, खार्टुमला लढाई सुरू झाली. टीव्हीवर नुसता धूर आणि खाली पट्टी, सुदान सुदान सुदान. आता सुदान वेगळा आणि साउथ सुदान वेगळा, २०११ लाच वेगळा देश झालाय, खार्टुमपासून मलकाल साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे, हे मला माहिती, यांना माहिती, पण गावाला कुठून माहिती असणार. दोन दिवसांत मला कमीत कमी चाळीस फोन. चुलत सासरे सकाळीच येऊन ओट्यावर बसले. नंतर सरकारने तिथल्या लोकांना आणायला ऑपरेशन कावेरी काढलं तेव्हा एका आत्याबाईंचा फोन, "मग बापू कधी येतोय विमानाने?" चिऊच्या पाटीवर नकाशा काढून समजावलं सगळ्यांना. आणि नेमकं त्याच आठवड्यात फ्रेमचा सर्व्हर बंद! चार दिवस नवीन फोटो चढेच ना. कस्टमर केअरला चॅट केलं तर "प्रिय ग्राहक, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो", मी म्हणलं तुम्हाला नाही समजणार, फोटो कधी चढणार ते सांगा. उत्तर आलं की फ्रेम फॅक्टरी रिसेट करा. केली असती तर असलेले सगळे फोटो गेले असते, हे त्यांनी सांगितलंच नाही, मला केबलवाल्या पोराने सांगितलं. अर्धा स्टार इथे गेला. तोडगा पण त्यानेच काढला, मागे मेमरी कार्डची खाच असते, कार्डावर फोटो घालून लावले. तुम्ही घेताना ती खाच आहे का ते बघूनच घ्या, काही स्वस्तातल्या फ्रेमना नसते.

तसं मलकालला लढाई नव्हती पण झळ होतीच. तिकडून पळालेले लोक होड्यांतून नाईलवरून मलकालला यायला लागले, यांचं काम वाढलं, फोन कमी झाले. आणि इथून पुढचं जे आहे ते फ्रेमच्या माहितीपत्रकात नसतं.

हे लांबच्या पेट्रोलिंगला जायचे, आठ दिवस, दहा दिवस, तिथे नेट नाही काही नाही. मग जायच्या आधी मला एकदम तीस-चाळीस फोटो देऊन जायचे. म्हणजे साठाच. मी रोज रात्री त्यातला एक चढवायचे. सकाळी चिऊ उठली की नवीन फोटो, सासूबाई चहा घेऊन समोर, "आज शेळी बसल्याली हाय बघ." घरात सगळ्यांना वाटायचं हा कालचा फोटो. मी काही बोलले नाही. आधी मुद्दाम नव्हतं, मग मुद्दाम झालं.

जूनमध्ये मलकालच्या निर्वासितांच्या छावणीत मारामारी झाली, माणसं मेली. ते मी मोबाईलवर वाचलं, रात्री. यांचा फोन नाही. रिअरला, म्हणजे पलटणीची मागे राहिलेली माणसं असतात तिथे, फोन केला, साहेब म्हणाले वहिनी, सगळे ठीक आहेत, काळजी करू नका, पण तो आवाज मला माहितीये, ते सगळ्यांना हेच सांगतात आणि सांगायलाच पाहिजे. आणि सकाळी फ्रेमवर काय, तर हे हसतायत, मागे मावळतीचं ऊन. तीन आठवड्यांपूर्वीचा फोटो, रात्री अकराला मीच चढवलेला. सासूबाईंनी बोटं मोडून दृष्ट काढली फ्रेमची. चिऊ म्हणाली पप्पा हसतायत. मी भाकरी थापत होते, मागे वळले नाही. दोन दिवसांनी यांचा फोन आला, काही झालेलं नव्हतं यांना. पण ते दोन दिवस घरात तीन माणसं होती आणि त्यातल्या दोघींचं सगळं छान चाललेलं.

म्हणून कुणी या फ्रेमला "मनाची शांती" वगैरे लिहिलेलं मी वाचते ना, तेव्हा म्हणावंसं वाटतं की कुणाच्या मनाची ते पण लिहा. जो फोटो चढवतो त्याच्या नाही.

पकडलं कुणी तर सासूबाईंनी. जुलै महिना, रविवारी यांचा फोन आलेला, नेट बरं होतं, सांगत होते की चार दिवस धो धो पाऊस आहे, तंबूत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मी साठ्यातला फोटो टाकला, हात आणि घड्याळवाला दुसरा एक होता तो. सासूबाई चहाची बशी खाली ठेवून जवळ गेल्या. चष्मा वर केला, खाली केला. यांच्याकडे नाहीच बघितलं त्यांनी, मागच्या मातीकडे बघितलं.

"पाऊस पडतोय म्हणला न्हवं काल? मग माती भेगाळल्याली कशी?"

मी काही तरी पुटपुटले, दुसरीकडचा असेल, वगैरे. त्या म्हणाल्या, "काळ्या रानात चार दिस पाऊस पडल्याव भेग ऱ्हाती व्हय?" चाळीस वर्षं रान केलेल्या बाईला मातीच्या बाबतीत काय फसवणार. सगळं सांगितलं मग. जूनचं पण सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "दहा दिस दिसला न्हाई तर न्हाई. पर शिळं वाढू नगंस."

तर फ्रेमच्या सेटिंगमध्ये "फोटोची तारीख दाखवा" असा एक पर्याय असतो. मी पहिल्या दिवसापासून बंद ठेवलेला, स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून. तो चालू करायला लावला त्यांनी. आणि इथे अजून एक खोड कळली, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली मूळ तारीख निघून जाते, जागेची माहिती पण निघून जाते, जे आमच्यासाठी बरंच आहे, पण मग फ्रेम दाखवते ती मी चढवल्याची तारीख. म्हणजे फ्रेम पण माझ्यासारखीच. यांना फोनवर सांगितलं की आई असं असं म्हणतात. तर यांनी उपाय काढला, बॉलपेनने तळहातावर तारीख लिहायची आणि त्याचा फोटो. शेळीच्या शेजारी हात. चहाच्या ग्लासाशेजारी हात. पेट्रोलिंगला जायचे तेव्हा शेवटचा हात चढवायचा आणि नंतर आठ-दहा दिवस नवीन काहीच नाही, तोच हात, तीच तारीख. त्या दिवसांत घरात बोलणं कमी व्हायचं पण निदान दोघी मिळून कमी बोलायचो. चिऊने त्याच नादात आकडे शिकून घेतले, रोज सकाळी पेन घेऊन यायची आणि स्वतःच्या हातावर बघून बघून काढायची. ७ उलटा काढायची. बालवाडीच्या बाईंनी एकदा मला विचारलं, हिच्या हातावर रोज काय असतं.

ऑगस्टमध्ये हे वीस-बावीस दिवस सुट्टीवर आले तेव्हा चिऊ जवळ गेली नाही. काळे पडलेले, वाळलेले. फ्रेमजवळ उभी राहून इकडे एकदा तिकडे एकदा. मग आली, यांचा हात उलटा केला, तळव्यावर काही नाही. पेन आणून दिलं तिने.

डिसेंबर २०२३ ला मिशन संपवून आले. मेडल मिळालं, निळ्या पट्टीचं, ते कपाटात आहे. हे आता परत फील्डला आहेत, देशातच, आणि फ्रेम सासूबाईंच्या खोलीत चालू आहे.

आता ज्यांना नुसतं घ्यायचं का ते पाहिजे त्यांच्यासाठी. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि बाप वर्षभर लांब असेल तर घ्या. तुम्ही एकट्याच असाल तर नका घेऊ, मोबाईल पुरतो. दहा इंची पुरेशी आहे, पंधरा इंचीला उगाच पैसे जातात. राउटर २.४ वर चालतो का बघा. मेमरी कार्डची खाच पाहिजेच. फोटो पूर्ण दाखवायचं सेटिंग पहिल्या दिवशी लावा. कोड कुणालाही देऊ नका, नणंदेला तर नकोच (वाचत असशील तर सॉरी ताई). माणूस फौजेत असेल तर ॲप त्यांच्या फोनमध्ये टाकायच्या आधी पलटणीत विचारू दे त्यांना, आणि काय पाठवायचं काय नाही हे त्यांनाच ठरवू दे, तुम्ही हट्ट करू नका.

आणि स्टॉक करून फोटो टाकणार असाल तर मागची माती बघून टाका.